एका हाताचा पुशअप: खाली जाताना कंबर फिरते, फॉर्म कसा सुधारायचा?

पहाटपाळी:

नमस्कार मंडळी, साधे पुशअप मला व्यवस्थित जमतात, छाती जमिनीला टेकेपर्यंत चाळीसच्या आसपास सलग निघतात, डायमंडही (दोन्ही पंजे छातीखाली जुळवून) होतात आणि आर्चर पुशअप (एक हात बाजूला सरळ लांब ठेवून दुसऱ्यावर खाली जायचं) दोन्ही बाजूंनी सात-आठ तरी होतात. म्हणून आता एका हाताच्या पुशअपच्या मागे लागलोय. उजव्या हातावर खाली जाऊन वर येता येतं, पण मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ काढला तर स्पष्ट दिसतं की खाली जाताना उजवा खांदा एकटाच खाली बुडतो, डावा वरच राहतो, आणि वर येताना आधी कंबर उचलली जाते आणि मग बाकीचं अंग वळत वळत वर येतं. कोपरही बाहेर पळतं. डाव्या हातावर तर निम्म्यातच अडकतो.

मला नुसता आकडा नकोय, नीट फॉर्ममधे एक जरी निघाला तरी चालेल. प्रश्न असे आहेत की पाय किती लांब ठेवायचे (कुणी एकदम फाकवून करतं कुणी जवळ), हात नेमका कुठे टेकवायचा, अंग थोडंफार वळलं तर चालतं का, आणि आर्चरच वाढवत गेलो तर हे आपोआप येईल का? आणखी एक, चार-पाच रिप (एकदा खाली जाऊन वर येणं म्हणजे एक रिप) झाले की खांद्याच्या पुढच्या बाजूला ताणल्यासारखं वाटतं. दुखणं नाही म्हणता येणार पण जाणवतं.


लोखंडनको:

आर्चर सात-आठ होतायत म्हणजे छाती आणि ट्रायसेप्स बऱ्यापैकी तयार आहेत. तुमचं अडतंय ते धडाचं वळणं रोखण्यात, आणि ते साध्या पुशअपमधे कधी शिकायलाच मिळत नाही कारण दोन्ही हात दोन्ही बाजूंनी टेकू देत असतात. एक हात काढला की त्या बाजूचा टेकूच गेला. मग पोटाचे तिरके स्नायू, पाठीचा लॅट (काखेखालचा रुंद स्नायू) आणि ग्लूट्स (कुल्ल्यांचे स्नायू) या सगळ्यांनी मिळून धड एका फळीत धरून ठेवायचं असतं. ते नाही धरलं तर शरीर आपली सोय बघतं आणि वळून वजन हातावर आणतं. व्हिडिओत तुम्हाला दिसतंय ते हेच.

आता पायांचं. हे जरा नीट सांगतो कारण यावर भलभलतं लिहिलेलं असतं. एका हाताच्या पुशअपमधे जमिनीला टेकलेल्या जागा तीनच, एक हात आणि दोन पाय. त्यांचा एक त्रिकोण होतो आणि तुमचं वजन ज्या बिंदूवर तोललं जातं, साधारण बेंबीच्या आसपास, तो त्या त्रिकोणाच्या आत असायलाच हवा. आता समजा उजवा हात बरोबर उजव्या खांद्याखाली आहे आणि पाय जुळलेले आहेत. हातापासून डाव्या पायापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. बेंबी त्या रेघेच्या डावीकडे पडते, म्हणजे त्रिकोणाच्या बाहेर. अशा स्थितीत सरळ राहणं ताकदीच्या हातात नाहीच, तोल जाणारच, नाहीतर अंग उजवीकडे सरकवावं लागणार. पाय फाकवले, खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, की ती रेघ डावीकडे सरकते आणि बेंबी जेमतेम आत येते. हात खांद्याखालून चार बोटं आत, छातीच्या मध्याकडे आणला की अजून आत येते. त्यामुळे सुरुवातीला पाय लांब ठेवण्यात कमीपणा काही नाही, गणितच तसं आहे. पुढे ताकद आली की हळूहळू जवळ आणा, पण जेवढे जवळ आणाल तेवढा हात मध्यरेषेकडे न्यावा लागेल किंवा अख्खं धड हाताच्या बाजूला सरकवावं लागेल, हे लक्षात असू द्या.

याच गणितातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. उजव्या हातावर करताना पायांवर जो काही भार येतो तो जवळजवळ सगळा डाव्या पायावर असतो, उजवा पाय नुसता टेकलेला. करून बघा, वरच्या पोझिशनमधे उजव्या पायाची बोटं किंचित उचलायचा प्रयत्न करा, सहज उचलली जातील. म्हणून खाली जायच्या आधी डाव्या पायाचा चवडा जमिनीत दाबायचा, डावी मांडी कडक करायची, डावा ग्लूट आवळायचा आणि उजव्या हातापासून डाव्या पायापर्यंत एक तिरका ताण जाणवेपर्यंत थांबायचं. तो ताण जाणवल्याशिवाय कोपर वाकवायचंच नाही. माझ्या मते अर्धी लढाई इथेच असते आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात.

हात: पंजा पूर्ण टेकवा, बोटं पसरा, मधलं बोट सरळ पुढे किंवा अगदी थोडं बाहेर. तळहात जागेवरून न हलवता बाहेरच्या बाजूला पिळल्यासारखा जोर द्या (उजवा हात असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने), याने खांदा जागेवर बसतो आणि कोपर आपोआप फासळ्यांकडे येतं. कोपर अंगाला चिकटवायची गरज नाही, धडाशी ३० ते ४५ अंशांचा कोन राहिला की पुरे. मोकळा हात कमरेवर मागे ठेवा किंवा त्याच बाजूच्या मांडीला लावा, आणि त्याची मूठ कचकचून आवळा. एका हाताने मूठ आवळली की सगळ्या अंगात ताण वाढतो, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

थोडं वळलं तर चालतं का, तर मी म्हणेन की दोन्ही खांदे एकाच वेळी खाली जातायत आणि एकाच वेळी वर येतायत ना एवढं बघा. एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर राहिला तर काही बिघडत नाही, पण वर येताना कंबर आधी आणि खांदे मागून असं झालं तर तो रिप धरू नका.

आणि हे सगळं जमिनीवर शिकू नका. उंचावर शिका. साध्या पुशअपमधे दोन्ही हातांवर मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण ६४ टक्के भार येतो. हात ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर ५५ टक्के, ६० सेंटिमीटरवर ४१ टक्के. ७० किलोच्या माणसाचं धरा, जमिनीवर ४५ किलोच्या आसपास, दोन हातांत वाटलं तर प्रत्येकी बावीस-तेवीस. एक हात काढला की अख्खे ४५ एकावर, म्हणजे एका झटक्यात दुप्पट, वर वळण रोखायचं काम वेगळंच. तेच ६० सेंटिमीटरच्या उंचीवर केलं तर २९ किलोच्या आसपास. एवढ्या भाराला तुम्ही धड सरळ ठेवू शकता. तिथे शिका आणि मग उंची उतरवत या. टेबल, मग खुर्ची, मग जिन्याची पायरी. जिना तर उत्तमच, एकेक पायरी खाली येता येतं. फक्त टेबल-खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकली तर तोंडावर याल.


तिसरामजला:

वरचं बरचसं पटलं पण आर्चर सोडू नका असं मला वाटतं. उंचावरच्या सरावात वळण रोखणं शिकता येतं हे खरं, पण तिथे भार कमीच असतो, जमिनीवर तळाशी जी ताकद लागते ती तिथे तयार होत नाही. आर्चरमधे खोलवर जाता येतं. मी आर्चर करताना सरळ हाताखाली पुस्तकांचा गठ्ठा ठेवतो आणि त्या हाताची फक्त बोटं टेकवतो, म्हणजे त्याची मदत कमी कमी होत जाते. शिवाय निगेटिव्ह करा. एका हातावर चार-पाच सेकंद घेत खाली जायचं, तळाशी दुसरा हात टेकवायचा आणि दोन्ही हातांनी वर यायचं. खाली जाताना माणूस वर येण्यापेक्षा जास्त वजन सांभाळू शकतो, त्यामुळे पूर्ण रिप निघत नसतानाही तेवढ्या वजनाची सवय होते.


लोखंडनको:

@तिसरामजला निगेटिव्हला माझा विरोध नाही, पण यांच्या बाबतीत आत्ता नको. खाली जातानाच अंग फिरतंय असं त्यांनीच लिहिलंय. अशात जमिनीवर निगेटिव्ह केले तर तेच वळणं रोज हळूहळू आणि मन लावून घोटलं जाणार, आणि एकदा अंगवळणी पडलं की काढायला फार जड जातं. आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन्ही खांदे एका रेषेत ठेवून खाली जाता येऊ दे, मग त्याच उंचीवर निगेटिव्ह, मग खाली.

आर्चर ठेवा, पण जोडीला. मुख्य सराव म्हणून नको. त्यात लांब केलेला हात जमिनीला टेकलेला असतो त्यामुळे वळण रोखायचं काम तोच करून टाकतो. म्हणूनच आर्चर पंधरा-पंधरा मारणारे लोक एका हातावर आले की पहिल्याच रिपला फिरतात. बोटं टेकवून मदत कमी करायची तुमची युक्ती मात्र चांगली आहे, तीही मोजून कमी करता आली पाहिजे एवढंच.


सांधेजपा:

खांद्याच्या पुढच्या बाजूला ताण येतो म्हणालात त्याबद्दल लिहितो, कारण हा व्यायाम सोडायची वेळ येते ती बहुतेकदा सांध्यांमुळे येते.

तुमचं कोपर बाहेर पळतंय आणि त्याच वेळी खांदा पुढे कानाकडे सरकत असणार. व्हिडिओ बाजूने काढून बघा. तळाशी गेल्यावर खांद्याचा गोळा पुढे झुकलेला दिसतो का? तसं असेल तर पुढच्या बाजूचा तो ताण तिथूनच येतोय. खाली जाताना खांद्याची पाठीमागची फळी कण्याकडे यायला हवी आणि वर आल्यावर शेवटी जमीन ढकलून ती पुन्हा बाजूला गेली पाहिजे. काही लोक फळी मागे आवळून तशीच धरून ठेवतात, बेंच प्रेसमधे (बाकावर उताणं झोपून वजन ढकलताना) शिकवतात तसं. पुशअपमधे तिला हलू द्यायचं असतं, फक्त खांदा कानाकडे चढू द्यायचा नाही. खाली जाताना ‘मी पडतोय’ असं नको, छाती जमिनीकडे ओढून घेतोय असं डोक्यात ठेवा, लॅट कामाला लागतो आणि खांदा आपोआप मागे राहतो.

दुसरं कोपर. कोपराच्या आतल्या हाडाजवळ किंवा मागे टोकाशी दुखायला लागलं तर तिथेच थांबा. स्नायू पटकन तयार होतात पण स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन फार सावकाश तयार होतात, आणि इथेच गंमत नाही तर घात होतो, आपल्याला वाटतं ताकद आली, वाढवूया, आणि टेंडन अजून मागच्याच ठिकाणी असतात. साध्या पुशअपवरून एका हातावर येताना भार दुप्पट होतो हे वर लिहिलंच आहे. त्यामुळे एका हाताचे रोज करू नका. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा निम्म्यावर आणा.

मनगट वाकवून भार घेणं जमत नसेल तर पुशअप बार वापरा किंवा षटकोनी डंबेल जमिनीवर ठेवून त्याची मूठ धरा, मनगट सरळ राहतं. गोल डंबेल नको, गडगडतो. मुठीवरही करता येतं पण एका हाताला मुठीवर तोल सांभाळणं नवशिक्याला अवघड जातं. सुरू करण्याआधी चार मिनिटं मनगटं फिरवा, हात आणि गुडघे जमिनीवर टेकून ओणवे रहा आणि वजन पुढेमागे, डावी-उजवीकडे झुलवा, मग दहाएक साधे पुशअप एकदम सावकाश.

खांद्याचा ताण व्यायामानंतर तासाभरात गेला तर भार कमी करून चालू ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही राहिला, रात्री त्या कुशीवर झोपता येईना किंवा हात वर नेताना कळ येऊ लागली तर फोरमवर विचारत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.


पहाटपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज टेबलावर करून बघितलं. टेबलावर अंग अजिबात फिरत नाही, दोन्ही खांदे बरोबर खाली जातात. खुर्चीच्या बैठकीवर आलो की उजवा ठीक आहे पण डाव्या हातावर शेवटच्या चार इंचात कंबर फिरायला लागते. डाव्या हातावर करताना उजवा पाय दाबायचा हे केलं तर फरक लगेच कळला, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जमीन रुतल्यासारखी वाटत होती आणि पोटाची उजवी बाजू थरथरत होती. बाजूने व्हिडिओही काढला, खांदा खरंच पुढे झुकतोय.

आता दोन शंका. उंची कमी करायची वेळ आली हे कसं ओळखायचं? आणि श्वास कधी घ्यायचा, कारण पोट एवढं आवळलं की श्वासच घेता येत नाही.


लोखंडनको:

थरथर होतेय ती योग्य जागी होतेय, चांगलं लक्षण आहे.

उंचीचं असं करा. ज्या उंचीवर कमजोर बाजूने, म्हणजे तुमच्या डाव्या हातावर, पाच रिप एकसारखे निघतात ती तुमची आत्ताची उंची. प्रत्येक रिप तीन सेकंदांत खाली, तळाशी छाती कडेपासून मूठभर अंतरावर असताना एक सेकंद पूर्ण थांबायचं, मग वर. हा थांबा सोडू नका. थांबा घेतला की उसळी मारून वर येता येत नाही आणि वळून वर येण्याची सवय तिथेच उघडी पडते. असे पाच-पाचचे तीन सेट, सलग तीन वेळच्या व्यायामात, शेवटचा रिपही पहिल्यासारखा दिसला की उंची उतरवा. उतरवल्यावर दोन-तीनच निघतील, निघू दे, तिथून परत पाचपर्यंत चढायचं. सुरुवात नेहमी डाव्या हाताने करा आणि डाव्याने जेवढे निघाले तेवढेच उजव्याने. उजव्याला जास्त जमतात म्हणून जास्त करू नका, नाहीतर फरक वाढतच जाईल. दोन हातांच्या मधे मिनिटभर आणि दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं विश्रांती घ्या. दम लागला नाही म्हणून विश्रांती कापू नका, हा दमाचा व्यायाम नाहीच, इथे ताजेपणा लागतो.

कंबर फिरतेय का हे कॅमेऱ्याशिवायही कळतं. हलकी काठी कमरेवर आडवी ठेवायला सांगा कुणाला तरी, कंबर फिरली की ती एका बाजूला घसरते. व्हिडिओ काढायचाच असेल तर डोक्याच्या बाजूने, मोबाईल हाताच्या उंचीवर ठेवून. वरून काढलेल्या व्हिडिओत अर्धी चूक झाकली जाते.

श्वास: वर असताना नाकाने पोटात घ्या, छाती फुगवून नव्हे. मग पोट असं आवळा की कुणी बुक्की मारणार आहे. खाली जाताना श्वास धरूनच ठेवा, वर येताना जिथे सगळ्यात जड जातं तिथे दातांमधून ‘स्स्स’ करत थोडा थोडा सोडा. सगळा एकदम सोडला की धड सैल पडतं आणि नेमकं तिथेच अंग फिरतं. वर आल्यावर एखादा पूर्ण श्वास घ्या, सावकाश, रिप पळून जात नाहीत. ज्यांना ब्लड प्रेशरचा त्रास आहे त्यांनी मात्र श्वास धरू नये, जास्त उंचीवर हलक्या भाराने करावं आणि पूर्णवेळ श्वास चालू ठेवावा.


नवी_उमेद:

मधेच घुसतेय, माफ करा. माझे साधे पुशअप दहा-बाराच होतात. मी हे उंचावरचं एका हाताचं आत्ताच सुरू केलं तर चालेल का, की आधी साध्यांचा आकडा वाढवू?


लोखंडनको:

@नवी_उमेद जमिनीवरच्या एका हाताच्या मागे इतक्यात लागू नका, ते साधे पंचवीस-तीस स्वच्छ निघायला लागल्यावर. पण छातीएवढ्या उंचीच्या कट्ट्यावर किंवा भिंतीवर एका हाताने करायला आजपासून काही हरकत नाही. भार इतका कमी असतो की सांध्यांना त्रास नाही आणि धड सरळ ठेवायची शिस्त आत्तापासूनच लागते. साध्या पुशअपचे सेट झाल्यावर शेवटी प्रत्येक हाताने पाच-पाचचे दोन सेट टाका. तुमचे साधेही सुधारतील, कारण साध्या पुशअपमधे शेवटच्या रिपला कंबर खाली पडते ती याच स्नायूंमुळे.


सांधेजपा:

@पहाटपाळी खांदा पुढे झुकतोय हे दिसलं ना, मग आता खुर्चीवर करताना उंची तीच ठेवून खोली थोडी कमी करा. खांद्याचा गोळा पुढे निघायला लागतो त्याच्या जरा आधी थांबा आणि एक सेकंदाचा थांबा तिथे घ्या. दर आठवड्याला अर्धा इंच खाली. पूर्ण खोली खांदा जागेवर ठेवूनच मिळवायची. आणि जेवढं ढकलता तेवढं ओढाही, पुशअपच्या दिवशी पुलअप किंवा टेबलाच्या कडेला लटकून रो (छाती कडेकडे ओढून घ्यायची), पुशअपच्या रिपएवढे तरी. ओढायचे प्रकार अजिबात न करता नुसतेच पुशअप करत राहिलात तर खांदे पुढे ओढलेलेच राहतात.


पहाटपाळी:

ओढायचं खरंच करत नव्हतो, उद्यापासून पुलअप जोडतो. खुर्ची आणि जिन्याच्या मधली उंची घरात नाहीये, लाकडी पाट एकावर एक रचून चालेल का?


लोखंडनको:

रचलेले पाट सरकतात, आणि एका हातावर असताना सरकले तर सावरायला दुसरा हात पाठीमागे असतो. नको. जिन्यावरच करा, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर हात आणि पाय खाली सपाट जमिनीवर, बहुतेक जिन्यांची पायरी सहा-सात इंचांची असते त्यामुळे तिसरी पायरी खुर्चीपेक्षा जरा उंच किंवा तेवढीच पडते आणि दुसरी बरोबर तुम्हाला हवी त्या मधल्या उंचीवर. पायरीच्या कडेवर तळहाताचा मागचा भाग येऊ देऊ नका, पंजा पूर्ण आत ठेवा. आणि पाय फाकवायला जागा आहे का ते आधी बघून घ्या, अरुंद जिन्यात तिथेच गोची होते.